साइडकारमधून चार नद्या

साइडकारमध्ये बसून चार दिवस फिरलेले मराठी लोक फार नसतील, म्हणून तिथून जग कसं दिसतं ते आधी सांगून टाकतो. ट्रकची चाकं अख्खी दिसतात. कुत्री आपल्याकडे बरोबरीच्या नात्याने बघतात. सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं काचेला नाक लावून 'हा कोण इथे ठेवलाय' असं निरखतात. आणि पूर्णवेळ, घाट असो की सपाट रस्ता, बायकोचा उजवा बूट दिसतो. तो ब्रेकवर आहे की नाही यावर मी पहिले दोन दिवस बारीक लक्ष ठेवून होतो. तिसऱ्या दिवशी वैजू हेल्मेटमधून ओरडली, "अहो, समोर बघा की! देश बघायला आलाय का माझा पाय?"

खरं तर आलो होतो नद्या बघायला. चार नद्या होत्या, आणि माझी राख कुठे सोडायची यासाठी त्यातली एक मला निवडायची होती.

र्युसेल्सहाइम

जूनमध्ये कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "वर्षांचा हिशेब धरू नका, महिन्यांचा धरा." मी सव्वीस वर्षं या जर्मन गावातल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनं बंद पडेपर्यंत चालवून बघण्याच्या विभागात काम केलं. कुठलं इंजिन किती तास टिकेल हे बेधडक सांगायचो. त्यामुळे कोणी मला तसंच सांगितलं तर तक्रार करायला तोंड नव्हतं. घरी येऊन मात्र बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त रडलो.

मग पेपरात एक बातमी वाचली. जर्मनीत मेल्यावरही नियमातून सुटका नाही. राख घरी आणता येत नाही, स्मशानातच पुरावी लागते, आणि ती जागाही भाड्याची. मुदत संपली की दगड काढून जागा दुसऱ्याला. पण ऱ्हाइनपलीकडच्या राज्यात, राइनलांड-फाल्त्समध्ये, नवा कायदा झाला होता. पाण्यात विरघळणाऱ्या कलशातून राख नदीत सोडायला परवानगी. नद्या चारच: ऱ्हाइन, लान, मोझेल आणि झार. माणसाने जिवंतपणी तसं लिहून ठेवायचं, आणि मागे राहणाऱ्या एकाने जबाबदारी घेऊन खाली सही करायची. मला फार गंमत वाटली. नदीत अस्थी सोडायच्या हे आपल्याला सांगायला जर्मनांचा फॉर्म यावा!

मागे राहणारी एक म्हणजे वैजू. तिने सही करायला साफ नकार दिला.

"नाशिकला नेईन," ती म्हणाली. "तुमच्या बाबांना जिथं नेलं तिथं. अरुणभावजी सगळं बघतील."

वैजूचं म्हणणं समजून घ्यायला एक गोष्ट माहीत हवी. आम्ही इथे आलो तेव्हा मी तिला दोन वर्षांनी परत जाऊ असं सांगितलं होतं. मग ईशाची शाळा, मग बढती, मग ईशाचं विद्यापीठ. दर दोन वर्षांनी मी तेच सांगत आलो, आणि कोल्हापूरची ही पोर दर वेळी मान डोलावत आली. निवृत्तीनंतर नक्की, असं शेवटचं ठरलं होतं. आता मीच इथल्या पाण्यात गेलो, तर तो शब्द कायमचा मोडला. ती सही नव्हतीच, परतीचं तिकीट फाडणं होतं. आणि मला काय हवं होतं? ईशा इथे, तिचा जोडीदार इथला, वैजू मुलीला सोडून जाणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. मग मी एकट्याने नाशिकला जाऊन काय करू? मला तिच्याजवळ राहायचं होतं, एवढंच. पण हे काही मला तिला नीट सांगता आलं नाही. मी पुण्याचा. प्रेमाचं काही बोलायला गेलो की त्याचं व्याख्यान होतं.

"निदान नद्या तरी बघू," मी म्हणालो. "मोटरसायकलवरून. मला पुन्हा एकदा रस्त्यावर जायचंय गं."

यावर ती विरघळली. वैजूच्या वडिलांचं गॅरेज होतं, सोळाव्या वर्षी ती बुलेट चालवायची. इथेही आम्ही दोघांनी लायसन्स काढलं आणि पंधरा उन्हाळे दोन मोटरसायकलींवर फिरलो. आता वेदना दाबणारा पॅच लावलेला, म्हणून मला चालवायला बंदी. तेव्हा शेजारचे मानफ्रेड, माझ्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांची जुनी साइडकारवाली गाडी द्यायला तयार झाले.

"मी चालवीन," वैजू म्हणाली. "पण त्या फॉर्मबद्दल वाटेत एक अक्षर काढायचं नाही. काढलंत तर तिथंच उतरवून रेल्वेनं परत पाठवीन."

साइडकार चालवणं म्हणजे मोटरसायकल विसरणं. वेग दिला की गाडी उजवीकडे ओढते, ब्रेक मारला की डावीकडे, आणि उजव्या वळणावर साइडकारचं चाक हवेत उठतं. रविवारी बाजारहाट बंद म्हणून घरासमोरच्या मोठ्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मानफ्रेडने शिकवणी घेतली. तिसऱ्याच वळणाला मी माझ्या डब्यासकट वर. मानफ्रेडने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझं एकोणीस किलो वजन उतरलं होतं. "हा माणूस फार हलका झालाय," ते गंभीरपणे म्हणाले. "याच्या पायाशी वजन ठेवा."

वैजूने घरातून वीस किलोचं बासमतीचं पोतं आणलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. गाडी सरळ चालली. "बघा, नवऱ्याची कमी तांदळानं भरून निघते," ती म्हणाली आणि खदखदून हसली. मग पाणी प्यायच्या निमित्ताने घरात गेली ती बराच वेळ आली नाही. मानफ्रेड आणि मी टायरमधली हवा दोनदा तपासली.

ऱ्हाइन

पहिल्या दिवशी माइंत्सचा पूल ओलांडून नदीच्या डाव्या काठाने खाली गेलो. समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला डावा हात खाली सोडून सलाम करत होता. ही इथली रीत, ओळख लागत नाही. वैजूचे दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे उत्तर द्यायचं खातं माझ्याकडे आलं. मी इतक्या उत्साहाने हात हलवत होतो की एक दाढीवाला वळून परत आला आणि "काही मदत हवी आहे का?" विचारून गेला.

बोपार्डला थांबलो. ऱ्हाइन तिथे केवढं थोरलं वळण घेते! पण पाण्यावर कोळशाची, मातीची, कंटेनरची लांबच लांब जहाजं, दोन्ही काठांना मालगाड्या. तासभर बाकावर बसून मी जहाजांवरचे झेंडे बघितले. एका जहाजावर कॅप्टनच्या बायकोने कपडे वाळत घातले होते, मागे एक लहान मोटार बांधलेली आणि टपावर चक्क टोमॅटोची रोपं. घर, गाडी आणि बाग घेऊन नोकरीला जाणारी माणसं, मला हेवाच वाटला. पण कायमचं राहायला नको, फारच वर्दळ. मी वहीत तसं लिहिलं. वैजूने विचारलं नाही, पण मी लिहिताना ती मान लांब करून वाचत होती.

लान

ही नदी शहाण्या मुलीसारखी. दोन्ही बाजूंना झाडी, पाणी हिरवं, आवाज नाही. बाड एम्समध्ये जमिनीतून निघणारं औषधी पाणी पेल्यातून प्यायला देतात. लोक दुरून येतात त्याच्यासाठी. मी मोठ्या आशेने घोट घेतला. घसा बसल्यावर आई गुळण्यांना कोमट मिठाचं पाणी द्यायची, तेच हुबेहूब. "यासाठी हे लोक सुट्टी काढतात?" वैजू म्हणाली आणि तिने आपला पेला माझ्या पेल्यात ओतला.

थोडं वर गेल्यावर नदीत एक दरवाजा लागला. नदी उतरती असल्याने होड्यांना एका पातळीवरून दुसरीवर न्यायला असे दरवाजे बांधलेत. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी उतरू द्यायचं, मग पुढचं उघडायचं. तिथली राखणदार बाई हाताने चाक फिरवत होती. मी साइडकारमधूनच प्रश्नांची सरबत्ती सुरू केली: दातांचं गुणोत्तर किती, वंगण कुठलं, गंज येत नाही का? बाई कंटाळून म्हणाली, "आल्झो, बरं तर, या आणि तुम्हीच फिरवा."

फिरवलं. आठ-दहा फेरे. पाणी घुसळत निघालं, दोन कयाक लिफ्टमध्ये उभ्या माणसांसारख्या हळूहळू खाली गेल्या, आणि त्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला जूननंतर पहिल्यांदा आपण काहीतरी चालवलं असं वाटलं. मग मात्र पोटात अशी कळ आली की मी तिथेच गवतावर आडवा झालो. वैजूने डोकं मांडीवर घेतलं, थेंबांचं औषध दिलं, आणि कळ ओसरेपर्यंत माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. "हौस," ती म्हणाली. "हौस मेली नाही अजून."

लानसुद्धा मी वहीत बाद केली. मेल्यावरही दर पाच-सात किलोमीटरला दारात ताटकळायचं म्हणजे कठीण.

मोझेल

मोझेलकाठी द्राक्षांचे मळे भिंतीवर चढल्यासारखे उभे आहेत. माणसं तिथे कशी चढतात हा प्रश्न मला सकाळभर पुरला. उत्तर असं की एक बारका रूळ टाकलेला असतो आणि त्यावरून खुर्चीएवढी गाडी करकरत वर जाते. मला बसायचं होतं. मळेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, वैजूने मळेवाल्याकडे पाहिलं, आणि विषय संपला.

त्सेलच्या पुढे एका खेड्यात फ्राउ मेर्टेस नावाच्या ऐंशीच्या बाईंकडे उतरलो. द्राक्षवाले इथे हंगामात स्वतःच्या अंगणात बाकं टाकून लोकांना खाऊपिऊ घालतात. सप्टेंबरात नुकती फसफसू लागलेली, दह्याच्या निवळीसारखी गढूळ, गोड वाइन मिळते आणि तिच्यासोबत कांद्याचा जाड केक. केक म्हणायचं एवढंच, चव आपल्या कांद्याच्या झुणक्याला साय लावल्यासारखी. मला चार घासांवर जात नाही, पण ते चार मी अर्धा तास पुरवले.

फ्राउ मेर्टेसच्या भिंतीवर रेघा मारलेल्या होत्या, प्रत्येकीपुढे साल. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्या वर.

"हे काय?" मी विचारलं.

"पूर. नदी येते, तळघरात राहते, चिखल ठेवून जाते," बाई म्हणाल्या. "तुम्ही कशासाठी फिरताय?"

वैजू बाहेर गाडीची साखळी बघत होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी सांगून टाकलं. बाई जराही दचकल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "मोझेल घेतलीत तर जानेवारीत तुम्ही माझ्या तळघरात येणार."

"मग?"

"मग काय, पिंपांवर बसा. माझे यजमानही तिथेच बसायचे. कोणाला अडचण होत नाही."

मी इतका हसलो की पोट धरावं लागलं. पाहतो तर वैजू दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता रेल्वे स्टेशन. पण ती फ्राउ मेर्टेसच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने विचारलं, "ते गेल्यावर तुम्ही मुलाबाळांकडे नाही गेलात?"

"मुलगा म्युनिकला आहे. बोलावतो. जाऊन येते." बाईंनी तिच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला. "पण इथली पायरी कुठली मोडकी आहे ते माझ्या पायाला माहीत आहे ना."

निघताना बाईंनी त्या फसफसत्या वाइनची बाटली दिली. तिचं झाकण सैल असतं, गॅस निघून जावा म्हणून, आणि ती उभीच ठेवायची असते. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी हो हो म्हणून ती तांदळाच्या पोत्यावर आडवी ठेवली.

झारबुर्ग

वाइन गळून भिजलेलं ते पोतं दुसऱ्या दिवसाच्या उन्हाने मस्त आंबलं. चौथ्या नदीच्या, झारच्या काठी झारबुर्गला पोचेपर्यंत आमच्या दोघांना आंबोळीच्या पिठाचा वास येत होता, आणि तशा अवस्थेत आम्ही अंत्यविधीवाल्याच्या ऑफिसात शिरलो. त्याची वेळ मी दोन महिने आधी घेऊन ठेवली होती. जर्मनीत मरायलाही टेर्मिन लागतो. वैजूला मी ते आदल्या संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "मी आत येईन. बोलणार नाही."

अंत्यविधीवाला हेर क्लाइन तरुण होता, नम्र. टेबलावर कॉफी, बिस्किटं आणि रुमालांचा डबा. त्याने विरघळणारा कलश हातात दिला. मी तो उलटासुलटा करून किती वेळात विरघळतो, थंड पाण्यात किती, बुडतो का तरंगतो, सगळं विचारून घेतलं. त्यालाही असं गिऱ्हाईक बहुधा भेटलं नव्हतं, खुलून सांगत होता. मग त्याने फॉर्म काढला. नाव, जन्मगाव, पत्ता.

"र्युसेल्सहाइम," मी म्हणालो.

त्याचं पेन थांबलं. "म्हणजे हेसेन राज्य."

"हो. माइंत्सच्या शेजारी."

"माफ करा. हा कायदा फक्त आमच्या राज्यात मुख्य पत्ता असलेल्यांसाठी आहे."

महाराष्ट्र मंडळात लोक माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. कुणाचा पत्ता चुकला, कुणी चुकीच्या रकान्यात सही केली, मी चष्मा कपाळावर चढवून बोलणी देतो. आणि माझ्या स्वतःच्या शेवटच्या फॉर्ममध्ये नेमकं मुसळ केरात! सव्वीस वर्षं मी एसबानने, म्हणजे इथल्या लोकलने, पाव तासात माइंत्सला भाजीला जातोय. माझ्या डोक्यात ते आमचं पिंपरी-चिंचवड होतं. मध्ये राज्याची हद्द आहे हे मला माहीत होतं, फक्त ती मलाही लागू आहे हे सुचलं नव्हतं. मी कलश टेबलावर ठेवला. ठीक आहे, नाशिक तर नाशिक, असं काहीतरी मी मराठीत पुटपुटलो.

तेव्हा वैजू बोलली, तिच्या त्या ठसठशीत कोल्हापुरी जर्मनमध्ये. "या राज्यात किमान किती दिवस राहावं लागतं?"

"तशी अट नाही. शेवटचा मुख्य पत्ता इथला हवा."

"आल्झो, घर बदललं तर चालतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेर क्लाइन म्हणाला.

बाहेर आलो. झारबुर्गमध्ये गावाच्या मधोमध धबधबा आहे, हॉटेलांच्या टेबलांशेजारून कोसळतो. तिथे बसून वैजूने किसलेल्या बटाट्याचा भाजलेला गोळा मागवला, आपला बटाट्याचा कीसच, पण सोबत सफरचंदाचा गोड गर. ती भराभर खात होती. तिला राग आला की भूक लागते.

"रागावलीस?"

"स्वतःवर." तिने काटा ठेवला. "अहो, अरुणभावजींच्या घरी पंख्याचं बटण कुठलं, ते तुम्हाला अजून विचारावं लागतं. दर वेळी. मलाही लागतं. आणि कोल्हापुरात माझ्या माहेरच्या घराची आता चावीसुद्धा माझ्याकडे नाही. कुठं परत जायचं म्हणून मी एवढी भांडत होते?"

"मी शब्द दिला होता तुला."

"दिला होता. मोडलात. सव्वीस वर्षं दर दोन वर्षांनी मोडलात." तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "पण तुम्ही नाशिकला आणि मी इथं, हे मला जमायचं नाही. तुम्ही हे असं सरळ म्हणाला असतात तर मी जूनमध्येच सही केली असती. पण तुम्ही मला कायद्याची कलमं वाचून दाखवत बसलात!"

मी म्हणालो, "मला तुझ्याजवळ राहायचंय." व्याख्यान न होता पहिल्यांदाच निघालं तोंडातून. वैजूने माझ्यापुढे गराची वाटी सरकवली आणि दोन चमचे खा म्हणाली.

माइंत्स

परत आल्यावर घर शोधायला लागलो. पहिलं छान सापडलं, माइंत्स-कास्टेलमध्ये, नदीकाठी. आता अक्कल आली होती, म्हणून म्युनिकजवळ गार्चिंगला संशोधन करणाऱ्या ईशाला आधी फोन केला. ती तिकडून जर्मनमध्ये किंचाळली, बाबा, नावात माइंत्स असलं तरी कास्टेल हेसेनमध्येच येतं! मी मुकाट्याने ते रद्द केलं.

दुसरं वाइझेनाऊमध्ये मिळालं. नदीच्या योग्य बाजूला. तळमजला, दोन खोल्या, दारातून निघालं की चार मिनिटांत ऱ्हाइनचा काठ. माझी चार मिनिटं, म्हणजे मध्ये एकदा थांबून. मालवाहू जहाजं तिथूनही जातात. वैजूने काठावर उभं राहून सांगितलं, वर्दळ असली तर असू दे, मोझेलला मी दर आठवड्याला कशी येऊ? आणि आधी माझ्या वहीतला ऱ्हाइनपुढचा शेरा खोडला. फॉर्मवर सही तिने त्याच दुपारी केली.

घरमालकीण सत्तरीची, शिस्तीची. तिने नळ दाखवले, तळघर दाखवलं, जिना कुणी कुठल्या आठवड्यात झाडायचा तो तक्ता दाखवला. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत विचारलं, "आणि तुमचा किती काळ राहायचा विचार आहे?"

साधा प्रश्न. सगळेच विचारतात. मी खिडकीकडे वळलो.

"यांचं काही सांगता येत नाही," वैजू म्हणाली. "मी मात्र इथून कुठंही जाणार नाही."

मालकीण मान हलवून कागद आणायला आत गेली. वैजूने माझा दंड धरला आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "अहो, डोळे पुसा आधी. तिला वाटेल आपल्याला घर आवडलं नाही."